औषध-सुरक्षेच्या संशोधनात करिअर: डब्यातल्या सिरिंजपासून पीएचडीपर्यंत

मेडिसिनच्या ओपीडीत एक आजी दर महिन्याला यायच्या. साखर काही केल्या तीनशेच्या खाली येत नव्हती. इन्सुलिन २० पॉइंटवरून २४ झालं, २४ वरून ३० झालं. मग एका पहाटे त्यांना घामाने चिंब, अर्धवट बेशुद्ध अवस्थेत कॅज्युअल्टीत आणलं. साखर एकदम उतरली होती. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘हायपोग्लायसेमिया, जेवण कमी’. ग्लुकोज चढवलं, दोन दिवसांनी डिस्चार्ज ठरला.

मी तेव्हा एम.फार्म. करत होते आणि त्या वॉर्डात दुष्परिणामांचे फॉर्म भरायला जायचे. डिस्चार्जच्या सकाळी विचारलं, ‘‘आजी, इन्सुलिनचं सामान कुठं ठेवता?’’ त्यांनी नातवाला सांगून घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणवला. आत एक कुपी होती, तिच्यावर ४० युनिट प्रति मिली असं छापलेलं. आणि सिरिंजा दोन प्रकारच्या. काही केशरी टोपीच्या, काही लाल टोपीच्या.

‘‘आधी मेडिकलमध्ये ह्या केशरीच मिळायच्या,’’ नातू म्हणाला. ‘‘गेल्या आठवड्यात त्याने लाल दिल्या. सुई ती सुई, आम्हाला काय माहीत?’’

लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या कुपीसाठी असते, केशरी टोपीची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. केशरी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं की आत ०.२ मिली द्रव येतं. कुपी ४० ची असेल, तर ते झालं फक्त ८ युनिट. म्हणजे आजी महिनोन्‌महिने ८ युनिट घेत होत्या, डॉक्टर २० समजून मात्रा वाढवत होते. ३० च्या रेघेलाही त्यांना १२ च मिळत होते. मग लाल सिरिंज हातात आली आणि त्याच ३० च्या रेघेला खरोखरचे ३० युनिट अंगात गेले. एका रात्रीत अडीचपट. डॉक्टरांनी लिहिलेलं बरोबर होतं, कुपी बरोबर होती, आजींचा हातही बरोबर होता.

औषध-सुरक्षेचं संशोधन म्हणजे काय असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी ह्या डब्यापासून सुरुवात करते. ह्या क्षेत्रात अध्यापन आणि संशोधन करून आयुष्य काढायचं असेल तर पायऱ्या कुठल्या, हे खाली लिहिते आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक प्रश्न धरा, तो नीट मोजायला शिका आणि त्याला बरीच वर्षे द्या. पदव्या, फेलोशिप, शोधनिबंध ही त्या प्रश्नाच्या मागोमाग येणारी कामं आहेत.

आधी दोन शब्दांतला फरक

रुग्णाला योग्य औषध, योग्य मात्रेत दिलं आणि तरी अंगावर पुरळ उठलं, तर तो दुष्परिणाम, म्हणजे एडीआर. औषध लिहिताना, देताना, घेताना किंवा त्यावर लक्ष ठेवताना चूक झाली तर ती औषधचूक, म्हणजे मेडिकेशन एरर. चूक झाली पण इजा झाली नाही, असंही पुष्कळदा होतं. आजींच्या बाबतीत चूक आणि इजा दोन्ही झाल्या, आणि ती इजा टाळता आली असती.

आपल्याकडे ह्या सगळ्याला सरसकट ‘फार्माकोव्हिजिलन्स’, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं, म्हणतात. त्यामुळे मुलं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत केस प्रोसेसिंगला लागतात आणि हेच ते क्षेत्र असं समजतात. ते काम गरजेचं आहे, पगारही वेळेवर होतो. पण तिथे जगभरातून आलेली माहिती ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या मुदतीत भरायची असते, प्रश्न तुमचा नसतो. विद्यापीठीय संशोधनात प्रश्न तुमचा असतो आणि उत्तराची जबाबदारीही तुमची.

थोडा इतिहास ठाऊक असावा. थॅलिडोमाइडमुळे अपंग बाळं जन्मू लागली, हे १९६१ मध्ये उघड झालं आणि त्यातून जागतिक आरोग्य संघटनेचा औषध-निरीक्षण कार्यक्रम १९६८ साली उभा राहिला. त्याचं तांत्रिक काम आज स्वीडनमधलं उप्साला मॉनिटरिंग सेंटर पाहतं. आपल्या मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग नेमला गेला. २००४ मध्ये देशात राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक मुंबईच्या केईएम रुग्णालयात होतं, दुसरं दिल्लीच्या एम्समध्ये. सध्याचा कार्यक्रम, पीव्हीपीआय, २०१० चा. २०११ पासून त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘इजेविना औषध’ ही मोहीम हाती घेतली. टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, असं तिचं उद्दिष्ट होतं. तेव्हापासून औषधचुकांवरच्या संशोधनाला प्रकल्प म्हणून मान मिळू लागला.

कुठल्या दारातून शिरायचं

दारं बरीच आहेत. बी.फार्म. झालेल्यांनी जीपॅट ही राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन एम.फार्म.ला ‘फार्मसी प्रॅक्टिस’ घ्यावं. औषधनिर्मिती किंवा क्वालिटी अ‍ॅश्युरन्स घेतलंत तर रुग्णाशी संबंध तुटतो. जीपॅट उत्तीर्ण विद्यार्थ्याला एआयसीटीईकडून महिना १२,४०० रुपये मिळतात. बारावीनंतर थेट यायचं असेल तर फार्म.डी. आहे, २००८ पासून भारतात सुरू झालेला सहा वर्षांचा अभ्यासक्रम, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. फार्म.डी.चं कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. जोडलेलं रुग्णालय कुठलं, मुलं रोज राऊंडला खरोखर जातात का, आणि केसपेपर हाताळायला मिळतो का, हे तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना विचारा.

एमबीबीएस झालेल्यांसाठी एम.डी. फार्माकॉलॉजी, आणि त्यापुढे डी.एम. क्लिनिकल फार्माकॉलॉजी. एमबीबीएस चालू असतानाच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती घेऊन दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करता येतो. ती संधी सोडू नये, कारण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिण्याची पहिली खरी सवय तिथे लागते. आयुर्वेदाच्या पदवीधरांसाठीही वाट आहे. आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे.

आणि नर्सिंग. माझ्या मते ह्या क्षेत्रात सर्वात जास्त गरज एम.एस्सी. नर्सिंग करून संशोधनाकडे वळणाऱ्यांची आहे. डॉक्टर लिहितो, फार्मासिस्ट देतो, पण रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा हात सिस्टरचा असतो. तिथली गडबड, तिथला वेळ, एका ट्रेमधल्या सहा सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल तिला जशा माहीत असतात तशा आम्हा बाकीच्यांना होत नाहीत. तरीही औषध-सुरक्षेच्या शोधनिबंधांत परिचारिकांचं नाव पहिल्या लेखक म्हणून क्वचित दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिलं वर्ष: पन्नास फॉर्म

संशोधनाआधी निरीक्षणाची सवय हवी. ती लावण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे पीव्हीपीआयचा एडीआर फॉर्म. तुमच्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात एडीआर मॉनिटरिंग सेंटर आहे का पाहा, सहसा ते फार्माकॉलॉजी विभागात असतं. तिथल्या समन्वयकांना भेटा आणि सांगा की मला आठवड्यातून दोन दिवस वॉर्डात फिरून फॉर्म भरायचे आहेत. बहुतेक ठिकाणी मदतीचा हात हवाच असतो.

अहवाल ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, संशयित औषध, झालेला त्रास आणि कळवणारी व्यक्ती. पण चार चौकटी भरून शिकायला फारसं मिळत नाही. शिकायला मिळतं ते तारखांतून. क्षयाच्या रुग्णाला कावीळ झाली, तर गोळ्या कुठल्या तारखेला सुरू झाल्या, भूक कधी गेली, लघवी कधी पिवळी झाली, गोळ्या कधी थांबवल्या, त्यानंतर बिलिरुबिन किती दिवसांत उतरलं, आणि पुन्हा एकेक औषध सुरू केल्यावर कुठल्या औषधाला त्रास उलटला? हा क्रम नीट लिहिता आला की कार्यकारणाचा विचार आपोआप सुरू होतो. मग त्रास औषधामुळेच झाला का हे ठरवणारी नरांजो मोजपट्टी लावा. १९८१ ची, दहा प्रश्नांची. ९ किंवा जास्त गुण आले तर संबंध निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ शक्य, शून्य किंवा खाली असेल तर शंकास्पद. त्याच केसला जागतिक आरोग्य संघटनेची पद्धतही लावून बघा आणि दोन्हींचं उत्तर वेगळं आलं तर का आलं ते वहीत लिहा.

रुग्णांसाठीचा फॉर्म वेगळा आहे आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. १८००-१८०-३०२४ हा नि:शुल्क क्रमांकही आहे. रुग्णाशी बोलताना ‘तुम्हाला काही अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन आली का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘मावशी, गोळी सुरू केल्यापासून अंगात काही बदल जाणवला का? झोप, पोट, खाज, चक्कर?’ असं विचारा. आणि शेवटी, दरवेळी, ‘घरचा डबा पाहू का?’

पन्नास फॉर्म झाले की तुम्हाला कुठला वॉर्ड ओढतो ते कळेल.

प्रश्न लहान करणे

विद्यार्थ्यांचे पहिले विषय असे असतात: ‘तृतीय स्तरीय रुग्णालयातील औषधचुकांचा अभ्यास’. हा विषय चार दिशांना पळतो आणि सहा महिन्यांनी हाती नोंदींचा मोठा तक्ता, म्हणजे मास्टर चार्ट, उरतो, उत्तर नाही.

आजींचा डबा प्रश्नात बदलू. ‘कुपीतून इन्सुलिन घेणाऱ्या, आमच्या ओपीडीत येणाऱ्या प्रौढ रुग्णांपैकी किती जणांकडची सिरिंज आणि कुपी जुळत नाही?’ आता लोकसंख्या ठरली, मोजायचं काय ते ठरलं, ‘जुळत नाही’ची व्याख्या ठरली. नमुना किती हवा तेही काढता येतं. समजा असं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असेल आणि आपल्याला ४ टक्के इकडे-तिकडे चालेल, तर सूत्राने २१६ रुग्ण लागतात. आठवड्याला दहा मिळाले तर साधारण पाच महिने. हे गणित गाईडकडे जाण्याआधी तुमच्या कागदावर असावं.

मग त्यातल्या अडचणी शोधा. डबा न आणणाऱ्यांचं काय करायचं? ते वगळले तर कदाचित नेमके गोंधळलेलेच रुग्ण वगळले जातील. आधीच्या भेटीत ‘पुढच्या वेळी सामान घेऊन या’ असं सांगितलं, तर काहीजण घरी शेजाऱ्याला विचारून सिरिंज बदलून येतील. दोन्ही मार्गांत तोटा आहे. कुठला तोटा पत्करायचा आणि का, हे लिहून ठेवणं हाच तुमच्या प्रबंधातला सर्वात प्रामाणिक परिच्छेद होईल.

मराठी मुलखात असे प्रश्न पावलोपावली पडलेले आहेत. लहान मुलांचं पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम प्रति मिली असतं, पातळ औषधात ५ मिलीत १२० किंवा २५०. आई ‘अर्धा चमचा’ म्हणते तेव्हा चमचा कुठला आणि बाटली कुठली? संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. ती रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, माणूस जाऊ शकतो. चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहिलेलं असतं का? एवढंच मोजलंत तरी एक चांगला अभ्यास होतो.

मोजणी, आणि भाजकाचा आग्रह

ह्या भागावर मी सर्वात जास्त वेळ देते, कारण इथेच बहुतेक अभ्यास कोसळतात.

‘आम्हाला ८४ चुका सापडल्या’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ८४ कशातून? शंभर चिठ्ठ्यांतून की दहा हजार डोसांतून? बोस्टनच्या दोन रुग्णालयांत लुशियन लीप आणि डेव्हिड बेट्स यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही वाचला जातो तो भाजकामुळे: दर १०० भरती रुग्णांमागे औषधांमुळे ६.५ इजा, त्यांतल्या २८ टक्के टाळता येण्याजोग्या. चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली तेही त्यांनी वेगळं केलं. टाळता येण्याजोग्या इजांपैकी निम्म्याहून जास्त औषध लिहिण्याच्या टप्प्यावरच्या होत्या. कुठे दुरुस्ती करायची ते अशा आकड्यातून दिसतं.

चुका शोधण्याच्या पद्धती तीन. लोकांनी स्वतःहून कळवणं, केसपेपर तपासणं आणि प्रत्यक्ष पाहणं. पहिलीत फार थोड्या चुका वर येतात, भीतीमुळे. दुसरीत लिहिण्यातल्या चुका सापडतात, देण्यातल्या नाहीत. तिसरी पद्धत, म्हणजे औषधवाटपाच्या वेळी सिस्टरबरोबर ट्रॉलीमागे चालणं, सर्वात कष्टाची आणि सर्वात खरी. त्यात प्रत्येक डोस ही एक संधी मोजायची आणि चुकांना एकूण संधींनी भागायचं. एखादी चूक तुमच्या अभ्यासात एकदाही दिसली नाही, तर ‘ती होतच नाही’ असं लिहू नका. ३०० डोसांत शून्य सापडल्या, तर खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं. ३ ला निरीक्षणांच्या संख्येने भागायचं, इतका सोपा तो नियम आहे.

ट्रॉलीमागे चालायचं तर आधी इन्चार्ज सिस्टरांचा विश्वास हवा. मेट्रनची परवानगी कागदावर मिळते, विश्वास वॉर्डात मिळवावा लागतो. माझ्या पहिल्या अभ्यासात मी पहिले पंधरा दिवस काहीच नोंदवलं नाही. फक्त त्यांच्या वेळेला गेले, ट्रॉली ढकलायला हात लावला, फॉर्म सगळ्यांना उघडून दाखवला. त्यावर परिचारिकेच्या नावाची चौकटच नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं. मग एक दिवस एक सिस्टर स्वतःहून म्हणाल्या, ‘‘मॅडम, रात्री या. दिवसा काय दिसणार तुम्हाला? रात्री चाळीस पेशंटला मी एकटी असते.’’ त्या वाक्याने माझ्या अभ्यासाची वेळच बदलली.

आणि सर्वात अवघड गोष्ट. तुम्ही निरीक्षक म्हणून उभे आहात आणि समोर चुकीचं औषध सिरिंजमध्ये भरलं जातंय. नोंद करायची की थांबवायचं? थांबवायचंच. पण कधी, कसं आणि नंतर नोंद कशी करायची, हे पहिल्या दिवसाआधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असायला हवं. आम्ही वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं: ‘‘सिस्टर, जरा लेबल एकदा बघूया का?’’ रुग्णासमोर ‘चूक’ हा शब्द उच्चारायचा नाही. आणि आमच्या व्याख्येनुसार ती नोंद ‘रुग्णापर्यंत न पोचलेली चूक’ अशी व्हायची. असं एकदा घडलं. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल होती, भरायचं होतं साधं सलाईन. दोन्ही प्लास्टिकच्या, शेजारी-शेजारी ठेवलेल्या. सिस्टरांनी लेबल वाचलं, अँप्यूल बाजूला ठेवली आणि त्यांचे हात थरथरत होते. त्या रात्री पुढची नोंद मी घेतली नाही, त्यांच्यासाठी चहा आणला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोटॅशियमचा ट्रे वेगळ्या कपाटात हलवला.

दोन निरीक्षक असतील तर दोघांची नोंद किती जुळते ते आधी तपासा, त्यासाठी कॅपा (kappa) नावाचं मापन आहे. इजेच्या तीव्रतेसाठी औषधचुकांवर काम करणाऱ्या एनसीसी-एमईआरपी ह्या अमेरिकी परिषदेची ए ते आय अशी श्रेणी वापरतात. संख्याशास्त्रासाठी पैसे खर्चू नका. आर आणि जमोव्ही ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, पहिल्या दोन वर्षांसाठी जमोव्ही पुरेसं आहे.

एथिक्स कमिटी

थोडक्यात सांगते. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज करा. कमिटी नोंदणीकृत आहे का पाहा. तुम्ही काही बदल करून त्याचा परिणाम पाहणार असाल, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय ह्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा. नंतर नोंदवलेल्या अभ्यासाला चांगली नियतकालिकं परत पाठवतात. माहितीपत्रक मराठीत लिहा आणि ते एकदा ओपीडीच्या बाकावर बसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ ह्या वाक्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली, तर ‘तुमची इच्छा असेल तरच’ असं लिहा.

पीएचडी: गाईड, पैसा, कालावधी

गाईड निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या दुय्यम. त्यांच्या मागच्या तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: वॉर्डात प्रवेश कोणी मिळवून दिला? मसुदा किती दिवसांत परत आला? पहिलं नाव कोणाचं लागलं? फार्मसी कॉलेजातला गाईड असेल, तर रुग्णालयातला एक चिकित्सक सह-मार्गदर्शक म्हणून असायलाच हवा. तो नसला तर तुमचं काम केसपेपरच्या कपाटात अडकतं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात, आणि ह्या काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. ही रजा मागताना संकोच करू नका, मी बघितलंय, मुली विचारतच नाहीत. शोधनिबंध छापल्याची अट ह्या नियमांतून गेली आहे, पण छापावाच.

पैशांचं सांगायचं तर केंद्राची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे अशी २०२३ पासून आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या अधिछात्रवृत्ती जरूर पाहाव्यात. जाहिरात निघते तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून जातप्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पीएचडी नोंदणीचं पत्र आधीच एका फाईलला लावून ठेवा. तुमचे वर्गमित्र कंपनीत लागून दोन वर्षांत तुमच्याहून जास्त कमावतील. घरच्यांशी हे बोलणं पहिल्याच वर्षी करावं.

प्रबंधाची रचना एका प्रश्नाभोवती करा. इन्सुलिनचंच घेतलं तर पहिला भाग किती जणांची सिरिंज जुळत नाही. दुसरा, असं का होतं: मेडिकलवाल्यांच्या आणि कुटुंबांच्या मुलाखती, दुकानातला साठा. तिसरा, एक साधा उपाय. चौथा, उपायानंतर तीच मोजणी. अशा चार भागांतून तीन शोधनिबंध निघतात आणि पुढच्या दहा वर्षांचं काम.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या टोनी अ‍ॅव्हरी यांच्या गटाने असंच केलं. फॅमिली डॉक्टरांच्या संगणकातून धोकादायक प्रिस्क्रिप्शन शोधायची आणि फार्मासिस्टने दवाखान्यात जाऊन ती डॉक्टरांबरोबर सुधारायची, ह्या उपायाची चाचणी त्यांनी ७२ दवाखान्यांत घेतली. २०१२ मध्ये निकाल लॅन्सेटमध्ये आला. मोजण्यापासून दुरुस्तीपर्यंतची वाट कशी असते, ते त्यात छान दिसतं.

छापणं, आणि फसव्या नियतकालिकांपासून दूर राहणं

निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, म्हणजे लेखात काय काय असायला हवं ते सांगणारी यादी, समोर ठेवून लिहा. पहिला लेख ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’, ‘पर्स्पेक्टिव्ह्ज इन क्लिनिकल रिसर्च’ किंवा केईएमहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’सारख्या ठिकाणी पाठवा. परत येईल. परीक्षकांची टिपणं वाचून रडू आलं तर एक दिवस ती बाजूला ठेवा, मग एकेका मुद्द्याला उत्तर लिहा. यूजीसीने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, तेव्हा आता कुठलं नियतकालिक खरं हे तुम्हालाच ठरवायचं आहे. ‘तीन दिवसांत स्वीकृती, पैसे यूपीआयने भरा’ अशी मेल आली की पुसून टाका.

उप्सालाच्या व्हिजिबेस ह्या दुष्परिणामांच्या जागतिक माहितीसाठ्यात ३ कोटींहून अधिक अहवाल आहेत आणि त्यातली ढोबळ माहिती व्हिजिअ‍ॅक्सेसवर कोणालाही मोफत पाहता येते. सरावाला उत्तम. पण तिथल्या आकड्यांवरून ‘ह्या औषधाने इतक्या टक्के लोकांना त्रास होतो’ असं लिहू नका. औषध किती जणांनी घेतलं हे त्यात नसतं, म्हणजे पुन्हा भाजकच नाही. अशा माहितीतून नव्या धोक्याचा इशारा कसा शोधायचा हे शिकायचं असेल तर म्हैसूरच्या जेएसएस संस्थेत उप्सालाच्या सहकार्याने होणारं प्रशिक्षण पाहा, स्वीडनला जाण्यापेक्षा ते परवडतं.

नोकरी लागल्यावर

सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात की आठवड्याचे सोळा-अठरा तास शिकवणं, प्रात्यक्षिकं, तपासणीच्या फाईली, परीक्षेची कामं. संशोधन दुपारी चारनंतर उरतं. म्हणून आठवड्यातली एक सकाळ वॉर्डासाठी राखून ठेवा आणि वेळापत्रक लागायच्या आत ती विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. फार्म.डी.च्या मुलांची क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डातलं प्रशिक्षण, तुमच्याच प्रश्नाच्या वॉर्डात लावा. त्यांना फॉर्म भरायला शिकवा आणि लेखात त्यांची नावं लावा. रुग्णालयाला एनएबीएच हे गुणवत्तेचं मानांकन हवं असेल तर औषध व्यवस्थापनाचा एक संपूर्ण अध्याय त्यात असतो. त्या कामात हात दिलात तर व्यवस्थापन तुम्हाला माहिती द्यायला तयार होतं, एरवी वर्षभर फाईल फिरते. आयसीएमआरच्या छोट्या अनुदानाला अर्ज करताना आधीचे आकडे जोडा. ‘आम्ही २१६ डबे उघडून पाहिले’ हे वाक्य वीस पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त वजनाचं असतं.

शेवटचं काम म्हणजे निकाल वॉर्डाला परत देणं. लेख इंग्रजीत छापला जातो, आजी तो वाचणार नाहीत आणि मेडिकलवालाही. आम्ही एक पत्रक काढलं, त्यावर दोनच चित्रं होती. लाल टोपीशेजारी ४० ची कुपी, केशरी टोपीशेजारी १०० चं इन्सुलिन, आणि खाली एक ओळ: ‘टोपीचा रंग बदलला तर टोचण्याआधी विचारा.’ ओपीडीच्या खिडकीवर, इन्सुलिनच्या फ्रीजवर आणि जवळपासच्या मेडिकल दुकानांत ते लावलं. दुकानदारांना नेऊन द्यायला फार्म.डी.ची दोन मुलं गेली, कारण पोस्टाने आलेलं पत्रक रद्दीत जातं. सहा महिन्यांनी तोच फॉर्म, तीच व्याख्या, तीच ओपीडी घेऊन पुन्हा मोजायला बसा. फॉर्ममध्ये एक शब्दही बदलू नका, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.